जपानी शब्दाच्या पाठीवर मराठी अर्थ

१९५५ सालच्या भारत-सोव्हिएत करारातून ज्या भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, आणि जिथल्या पहिल्या पिढीच्या अभियंत्यांनी भट्टीच्या तंत्राबरोबर रशियन भाषेशीही परिचय करून घेतला, त्या गावाला परभाषेचे अध्ययन अपूर्व नाही. कुशल कामगारांना जपानात नोकरीची मुभा देणारा सहकार्य-करार जानेवारी २०२१ मध्ये झाल्यापासून जपानी शिकण्यालाही व्यावहारिक प्रयोजन लाभले आहे. परंतु जपानीच्या अध्यापनाची पुण्यासारखी जुनी परंपरा जिथे नाही, तिथल्या विद्यार्थ्याला मोबाइल हाच गुरू आणि तोच कोश.

भिलाईतल्या आमच्या सेक्टरातील अशाच एका मराठी विद्यार्थिनीने मला ‘अंकी’ ही दुहेरी पत्त्यांवरून शब्द पाठ करवणारी आज्ञावली दाखवली. अंकी म्हणजे जपानीत पाठांतर. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली विस्मरणाचा जो हिशेब मांडला, त्याच्याच आधाराने ही आज्ञावली चालते: आठवलेला शब्द उत्तरोत्तर वाढत्या अंतराने समोर येतो, विसरलेला मात्र तत्काळ परत हजर होतो. नित्य वापरातील चित्राक्षरांची सरकारी यादीच जिथे २१३६ अक्षरांची आहे, तिथे असे साधन उपकारकच म्हटले पाहिजे, आणि पाढे मुखोद्गत करून वाढलेल्या आपल्या समाजाने पाठांतराला कमी लेखण्याचे तर मुळीच कारण नाही.

माझी तक्रार निराळी आहे. त्या मुलीच्या प्रत्येक पत्त्यावर पुढे जपानी शब्द होता आणि मागे इंग्रजी अर्थ. ‘किरु’, ‘हाकु’, ‘काबुरु’ या तिन्ही क्रियापदांमागे ‘वेअर’ हा एकच शब्द पाहून ती गोंधळून गेली होती. वस्तुतः सदरा अंगात घालणे ते किरु. विजार, मोजे, बूट चढवणे ते हाकु. टोपी डोक्यावर घालणे ते काबुरु, आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेणे तेही काबुरुच. साडी नेसणारी, शाल पांघरणारी आणि फेटा बांधणारी आपली भाषा या भेदाला सरावलेली आहे. तिचे विभाग जपानीशी तंतोतंत जुळत नसले, तरी वस्त्रागणिक क्रिया बदलते हे मराठी मुलीला शिकवावे लागत नाही. मध्ये इंग्रजी आली म्हणून तिला आपलेच ज्ञान उपयोगी पडले नाही.

नादानुकारी शब्दांत तर हे अधिकच खटकते. ‘झाझा’ पडणारा पाऊस म्हणजे आपला धो धो पाऊस, ‘दोकिदोकि’ म्हणजे काळजाची धडधड, ‘पिकापिका’ म्हणजे लखलखीत! इंग्रजीत ज्यासाठी वर्णन करत बसावे लागते, त्याला मराठीत एकेक जिवंत शब्द आहे. शब्दयोगी अव्ययांचेही तेच: ‘तोक्यो मादे’ म्हणजे तोक्योपर्यंत, अव्यय नामाच्या नंतर, क्रियापद वाक्याच्या अंती. आणि ज्या वर्णक्रमाने जपानी मुले अक्षरे गिरवतात, तो आ-ई-ऊ-ए-ओ, का-सा-ता-नाचा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णाभ्यासातून घडलेला आहे, हे तरी आपल्या विद्यार्थ्यांना कोणी सांगितले आहे काय?

तयार याद्यांवर विसंबण्यातही धोका आहे. २०१० साली जपानी भाषेच्या प्रवीणता परीक्षेची पुनर्रचना झाली तेव्हापासून पातळीवार शब्दांची अधिकृत यादी प्रसिद्ध होत नाही. बाजारातील ‘एन-४’ पातळीच्या याद्या अनुमानाने केलेल्या असतात. म्हणून पत्ते स्वहस्ते करावेत. अंकीत तशी सोय आहे. मागील बाजूस मराठी अर्थ आणि एखादे स्वतः रचलेले वाक्य लिहावे. त्याला वेळ लागतो, परंतु अर्थ शोधताना जो शब्द मनात घोळतो, तो पुढे पुसला जात नाही.

हे काम एकेकट्याने करण्याचीही गरज नाही. महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांनी, जपानी जाणणाऱ्या पुण्याच्या शिक्षकांना विनंती करून, निदान पहिल्या हजार शब्दांचे मराठी पत्ते तपासून घेण्याची तजवीज करावी. त्या मुलीने हाकुचा पत्ता माझ्यासमोरच दुरुस्त केला. उरलेले सहाशे तिने दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवले आहेत.