चिमणीतली चिमणी

थंडी सुरू झाली की आपण खिडक्या लावून घेतो. मग धूर आणि वायू बाहेर जायला उरतो फक्त एक पाइप. कुठे स्वयंपाकघरातल्या चिमणीचा, कुठे गॅस गीझरचा, तर पहाडी गावांत बुखारीचा. नेमकी हीच आडोशाची जागा साळुंक्या, चिमण्या आणि खारींना घरट्यासाठी आवडते. काड्या, कापूस, चिंध्या साठतात आणि पाइप तुंबतो.

स्वयंपाकघरातला पाइप तुंबला तर धूर कोंडतो. गीझरचा किंवा बुखारीचा तुंबला तर मात्र जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं, तर गीझर बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या आणि डॉक्टरांना गाठा.

म्हणून हे आजच करा:

• पाइपात फडफड किंवा खुडबुड ऐकू येते का, पाहा. येत असेल तर धूर करून हाकलू नका. पिल्लं बाहेर पडू शकत नाहीत.
• अंडी-पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत उपकरण बंद ठेवा.
• घरटं रिकामं झालं की पाइप साफ करून घ्या.
• आत कुणी नाही याची खात्री करूनच बाहेरच्या तोंडाला जाळीची टोपी बसवा. स्वयंपाकघरासाठी फार बारीक जाळी नको, ती तेलकटपणाने बुजते. गीझरची टोपी मेकॅनिककडूनच बसवून घ्या.

आणि हो, बाल्कनीत एक लाकडी घरटं टांगा. चिमणीलाही घर हवंच ना!