हात तेच, कलम वेगळं

शिन लिमची गोष्ट आपल्याला नेहमी एकाच साच्यात सांगितली जाते. १९९१ साली व्हँकुव्हरमध्ये जन्म, लहानपण सिंगापूर आणि मॅसॅच्युसेट्समध्ये. कॉलेजात पियानो शिकताना कार्पल टनलचं दुखणं निघालं आणि पियानो की पत्ते, हे ठरवायची वेळ आली. पत्त्यांची जादू तो बरीचशी यूट्यूब बघून शिकला होता. २०१५ मध्ये इटलीतल्या रिमिनीत 'फिज्म' या जागतिक स्पर्धेत बाजी मारली, टीव्हीवर पेन आणि टेलरला चकवलं, २०१८ मध्ये 'अमेरिकाज गॉट टॅलेंट' जिंकलं. तात्पर्य काय, तर पॅशन फॉलो करा.

मला हे तात्पर्य अर्धवट वाटतं. त्याची मेहनत खरीच आहे. पण त्या मेहनतीला उभं राहायला जागा होती: स्पर्धा, परीक्षक, तिकीट काढून येणारे लोक. ही जागा गोष्टीतून गाळली की उरतो तो फक्त स्टेटसला टाकायचा सुविचार.

क्लोज-अप जादू म्हणजे काय? मोठी पेटी नाही, करवत नाही. हातभर अंतरावर बसलेला प्रेक्षक आणि जादूगाराची दहा बोटं. आपल्याकडचे मदारी आणि गारुडी पिढ्यानपिढ्या हेच करत आले. तीन वाट्या, काही गोळ्या, तोंडानं अखंड बडबड. शिन लिमच्या टेबलामागे कुणी उभं नसतं. रस्त्यावरच्या माणसाला चारही बाजूंनी डोळे असतात. हातचलाखी म्हणून त्याचं काम जास्त अवघड आहे.

आणि त्याच्यासाठी आपल्याकडे काय आहे? १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा. त्यातली भिकेची व्याख्या वाचा. सार्वजनिक जागी भिक्षा मागणं किंवा घेणं, मग ते गाणं, नाच, भविष्यकथन किंवा खेळ करून दाखवण्याच्या मिषानं का असेना. पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात. पहिल्याच वेळी १ ते ३ वर्षं सरकारी संस्थेत डांबता येतं. टोपीत पडलेलं नाणं मानधन की भीक, हे आधी हवालदार ठरवतो.

"पण जादूगारांवर हे कलम लावतंय कोण?" असं कुणी म्हणेल. मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून सांगतो: क्वचित चालणारी ओळसुद्धा सिस्टिममध्येच असते आणि जिला ती माहीत आहे तो तिचा वापर करतो. "चल, उठ इथून" म्हणायला खटला भरावा लागत नाही, कायद्याचा धाक पुरतो.

"मग फुटपाथ अडवू द्यायचे का?" नाही. ज्या सिंगापुरात शिन लिम लहानाचा मोठा झाला, तिथे शिस्तीचं कौतुक आपण कमी करत नाही. तिथे नॅशनल आर्ट्स कौन्सिल रस्त्यावरच्या कलाकारांना परवाना देते. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये चाचणी देऊन लोक खेळ करतात. म्हणजे गर्दीचं उत्तर वेळ, जागा आणि परवाना हे आहे, कोठडी नव्हे.

दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये हाच कायदा, दिल्लीत लागू होता तेवढ्यापुरता, बहुतांशी रद्द केला. पोटासाठी हात पसरणं हाच मुळात गुन्हा नाही, हे त्यामागचं म्हणणं. पुढच्याच महिन्यात शिन लिमनं ती अमेरिकन स्पर्धा जिंकली. महाराष्ट्रात, जिथे हा कायदा जन्मला, तिथे तो अजून आहे.

अंधश्रद्धेविरुद्ध २०१३ मध्ये कायदा करताना चमत्काराच्या नावावर लुबाडणारा बाबा आपल्याला नेमका ओळखता आला. मग 'ही फक्त हातचलाखी आहे, साहेब' असं प्रामाणिकपणे सांगणारा माणूस का ओळखता येत नाही? मागणी साधी आहे. हा कायदा मोडीत काढा आणि महापालिकांनी रस्त्यावरच्या कलाकारांसाठी जागा आखून द्याव्यात. तोवर शिन लिमचा व्हिडिओ खुशाल शेअर करा, फक्त त्याखाली 'पॅशन' लिहू नका.