यंत्राचें वय कोणीं ठरवावें ?

गेल्या शरद ऋतूंत जर्मनींतील श्टुटगार्ट शहरानजीक, चिरंजीवांच्या घरीं, दोन महिने राहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. त्या दोन महिन्यांत त्या घरीं रात्रींच्या जेवणानंतर एकाच विषयाचा खल चाले. विषय ऐकून वाचकांस कदाचित् हसूं येईल. चिरंजीवांची विजेची डोंगरी सायकल २०१९ सालची. ती देऊन टाकून नव्या घडणीची घ्यावी कीं न घ्यावी, एवढाच तो प्रश्न. पण त्याच्या पायीं जेवढा कागद खर्ची पडला तेवढा आमच्या काळीं मुलीचें लग्न ठरवितांनाही पडत नसे. चिरंजीवांच्या एका मराठी मित्रानें तर दोन्ही सायकलींच्या पत्रिकाच मांडून आणल्या होत्या. जुनीचा टॉर्क, म्हणजे आंस फिरविण्याचा जोर, ७० न्यूटन-मीटर, नवीचा १२०. जुनीची बॅटरी ५०० वॉट-तासांची, नवीची ८०० वॉट-तासांची. आणि अशाच आणखी पंधरा-वीस ओळी. सर्व आंकडे वाचून झाल्यावर तो मोठ्या सौजन्यानें मला म्हणाला, “काका, जुनी आतां कालबाह्य झाली.”

ह्या ‘कालबाह्य’ शब्दाशीं माझें भांडण आहे. सायकल जुनी झाली हें मला मान्य आहे. मीही झालों आहें. परंतु तिचा काळ संपला हें कोणीं ठरविलें, आणि कोणत्या अधिकारानें, हा प्रश्न त्या पंधरा-वीस ओळींत कोठेंच नव्हता.

ज्या वाचकांनीं हें वाहन पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. ही मोटारसायकल नव्हे. हिला पायानेंच चालवावें लागतें. पाय मारूं लागलें म्हणजे पेडलांच्या आंसापाशीं बसविलेलें लहानसें विजेचें यंत्र आपल्या जोराला आपला जोर जोडतें, आणि पाय थांबले कीं तेंही थांबतें. यूरोपीय संघाच्या कायद्याप्रमाणें ह्या यंत्राची सतत चालण्याची शक्ति २५० वॉटहून अधिक असतां कामा नये, आणि ताशीं २५ किलोमीटरच्या वेगाला त्याची मदत बंद झाली पाहिजे. म्हणजे ७० न्यूटन-मीटरची जुनी आणि १२० ची नवी, दोघीही सपाट रस्त्यावर एकाच ठिकाणीं हात टेकतात. सारा फरक उभ्या चढावर, तोही कांहीं क्षणांपुरता. ड्रोन बनविणाऱ्या डी.जे.आय. ह्या चिनी कंपनीनें २०२४ सालीं ‘ॲविनॉक्स’ हें यंत्र आणलें. त्याचा जोर १०५ न्यूटन-मीटर, आणि थोडा वेळ १२० पर्यंत जातो. त्या वेळीं तें हजार वॉटपर्यंत शक्ति ओततें. पाटीवर मात्र २५० च ! पुढच्याच वर्षीं, २०२५ सालीं, जर्मनीच्या सायकल-उद्योगाच्या संघानें ही क्षणिक शक्ति ७५० वॉटांवर रोखावी असें सुचविलें. कारखानदारांनाच स्वतःच्या शर्यतीची धास्ती वाटूं लागली कीं काय, न कळे.

त्याहून मौजेची गोष्ट पुढेंच आहे. बॉश कंपनीनें आपल्या डोंगरी यंत्राचा जोर २०२० सालीं ७५ वरून ८५ केला, आणि त्यानंतरच्या पिढीच्या यंत्राचा २०२५ सालीं ८५ वरून १०० केला. दोन्ही वेळां यंत्राचा एक खिळाही बदलला नाहीं. जुन्याच यंत्रांत नवी आज्ञावली भरली, आणि ग्राहक कालच्याच सायकलीवर आज अधिक बलवान् झाला. ग्राहकाला ही देणगीच मिळाली, हें कबूल केलें पाहिजे. पण त्यावरून एवढें उघड होतें कीं, ज्या आंकड्यावर आमच्या मित्रानें पत्रिका मांडली तो आंकडा निदान कांहीं अंशीं लोखंडांत नसून कारखानदाराच्या किल्लींत असतो. किल्ली त्याची, कुलूप त्याचें, पैसे मात्र आपले.

बॅटरीचा हिशेबही एकदां नीट करून पाहूं. घरच्या वाचकांस ओळखीचें माप म्हणून सिंहगड घेतों. पायथ्याच्या वाडीपासून माथ्यापर्यंत चढण सहाशें मीटरांच्या आसपास. स्वार, सायकल आणि पाठीवरची पिशवी मिळून शंभर किलो धरूं. हें ओझें सहाशें मीटर उचलण्यास सुमारें १६३ वॉट-तास लागतात. त्यांतला तिसरा हिस्सा स्वारानें आपल्या पायांनीं भरला, तर यंत्राच्या वांट्यास सुमारें ११० येतात. उष्णतेंत आणि घर्षणांत जें वायां जातें तें मिळविलें तर बॅटरींतून दीडशें-एकशें साठ जातील. म्हणजे नवी ५०० ची बॅटरी गड तीनदां चढवील. चिरंजीवांची बॅटरी सहा वर्षांनीं मोजून पाहिली तेव्हां तिची धारणा सत्तर टक्के उरली होती. तीही दोनदां चढवील. आतां, एका दिवसांत सिंहगड तीनदां चढणारे गृहस्थ असतील. मला भेटले नाहींत. चिरंजीव ज्या श्वेबिश आल्ब नांवाच्या टेंकड्यांत रविवारीं जातात तेथें तर दुपारीं कॉफी आणि केकसाठीं थांबण्याचा प्रघात आहे.

येथें कोणी म्हणेल कीं हा म्हातारा प्रगतीचा वैरी आहे. तसें मुळींच नाहीं. ‘टूर द फ्रान्स’चा प्रवर्तक आंरी देग्रांज हा गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा असा कांहीं द्वेष करी कीं, १९०३ सालीं सुरू झालेल्या त्या शर्यतींत ती येण्यास १९३७ साल उजाडावें लागलें, आणि तेंही त्यानें सूत्रें खालीं ठेवल्यावर. दांड्या स्नायूंचा अभिमान बाळगून यंत्राला नाकें मुरडणाऱ्या त्या पंथाचा मी नव्हे. चढावर विजेची मदत घेणें मला जराही कमीपणाचें वाटत नाहीं; चिरंजीवांच्या ह्याच जुन्या सायकलीवर बसून, गुडघ्यांची तक्रार असतां, मीं स्वतः एक टेंकडी चढून पाहिली आणि मला लहान मुलासारखा आनंद झाला. ज्याचें वजन फार, ज्याचा चढ रोजचा, किंवा ज्याच्याजवळ अद्यापि एकही नाहीं, त्यानें खुशाल नवी घ्यावी. माझें म्हणणें ज्याच्याजवळ एक चांगली आहे त्याच्यापुरतें आहे.

आणि ह्या वाहनाच्या अभिमान्यांनीं निदान त्याचें कुल तरी विसरूं नये. डोंगरी सायकल कोणा कारखानदाराच्या डोक्यांतून निघालेली नाहीं. कॅलिफोर्नियांतील मॅरिन परगण्यांत, फेअरफॅक्स गांवाजवळ, १९७६ सालीं कांहीं तरुण मंडळी डोंगरावरून सुमारें चारशें मीटर खालीं येणाऱ्या एका कच्च्या वाटेनें शर्यती करूं लागली. त्यांच्या सायकली कोणत्या ? १९३०-४० च्या सुमाराच्या, जाड टायरांच्या, श्विन कंपनीच्या, लोकांनीं अडगळींत टाकलेल्या ! उलटें पेडल मारून लावण्याच्या ब्रेकानें मागचा हब इतका तापे कीं आंतलें ग्रीस धूर होऊन जाई, आणि दर खेपेनंतर तो उघडून पुन्हां भरावा लागे. त्यावरूनच त्या वाटेला ‘रीपॅक’ हें नांव पडलें. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ हे सर्व त्याच वाटेवरचे. ह्यांपैकीं ब्रीझ ह्यानें १९७७ सालीं ह्या कामासाठीं मुद्दाम पहिली फ्रेम घडविली. दुसऱ्यांनीं ‘कालबाह्य’ म्हणून फेंकलेल्या वस्तूला उघडून, वंगण घालून, डोंगरावर नेणारांनीं जिला जन्म दिला, तिच्याच नांवावर आज सहा वर्षांची सायकल मोडींत काढण्याचा उपदेश व्हावा, ह्याला काय म्हणावें ?

‘उघडून’ हा शब्द मीं वर सहज लिहिला. पण सारी ग्यानबाची मेख त्यांतच आहे.

झालें असें कीं, उन्हाळ्याच्या अखेरीस चिरंजीवांच्या सायकलीचें यंत्र करकरूं लागलें. ज्या दुकानांतून ती घेतली तेथें नेली, तेव्हां उत्तर मिळालें कीं हें यंत्र उघडण्याचें नसतें, बदलण्याचें असतें. हमीची मुदत संपलेली आहे. आणि नव्या यंत्राची किंमत पाहतां आपण नवी सायकलच घ्यावी हें उत्तम. त्या मित्राच्या पत्रिका त्यानंतर आल्या. म्हणजे प्रश्न मुळांत १२० न्यूटन-मीटरांचा नव्हताच. करकर थांबविणारें कोणी नव्हतें, म्हणून मोहाला जागा मिळाली ! अखेर दुसऱ्या गांवीं एक स्वतंत्र कारागीर सांपडला. त्यानें यंत्र उघडलें. आंत पाणी शिरून एक बेअरिंग गंजलें होतें. बेअरिंग कोणत्याही बऱ्या दुकानांत मिळण्याजोगें, ठराविक मापाचें, थोडक्या युरोंचें. मजुरी अर्थात् अधिक झाली. चार दिवसांनीं सायकल घरीं आली ती मुकाट्यानें चालूं लागली.

सायकलीच्या हाडामांसांत पूर्वीपासून एक मोठें औदार्य आहे. पेडलाच्या आट्याचें माप पाहा : नऊ-सोळांश इंच व्यास, इंचाला वीस फेरे, डाव्या बाजूचा आटा उलटा. ह्या मापाचें, आजोबांच्या काळच्या सायकलीवरून काढलेलें पेडल आजच्या हजारों युरोंच्या विजेच्या सायकलीलाही बसतें. कोणत्याही एका कारखानदाराची त्यावर मालकी नाहीं. म्हणूनच रस्त्याच्या कडेला पाना आणि पाण्याची घमेली घेऊन बसलेला मनुष्य जगांतील कोणतीही सायकल दुरुस्त करूं शकला. विजेचें यंत्र आलें, आणि हें औदार्य संपलें. यंत्र बसविण्याची जागा ज्याची त्याची निराळी. बॅटरी तर नुसता चाळीस-पन्नास सेलांचा डबा राहिली नाहीं. ती यंत्राशीं सांकेतिक भाषेंत बोलते, आणि परकी बॅटरी लावली तर बहुतेक यंत्रें जागचीं हालत नाहींत. बॉश कंपनीनें २०२१ सालीं नवी ‘स्मार्ट’ प्रणाली आणली. तिच्या यंत्राला आधीच्या प्रणालीची बॅटरी चालत नाहीं, आणि नवी बॅटरी जुन्या यंत्राला चालत नाहीं. त्या कंपनीनें जुन्या बॅटऱ्या विकणें त्याच दिवशीं थांबविलें, असें मी म्हणत नाहीं. पण एकदां पूल तोडला म्हणजे पलीकडच्या तीरावर राहणाराचें आयुष्य दुसऱ्याच्या मर्जीवर येतें. माणसाचें आयुष्य विधात्याच्या हातीं असतें हें आपण ऐकत आलों. यंत्राचें आयुष्य कोठारपालाच्या हातीं असावें, हें नवीन आहे.

ह्यांत पैशाहूनही अधिक कांहीं जातें. १८८८ सालीं बेळगांवांत लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं सायकलींचें एक लहानसें दुकान काढलें. तेथून १९०३ सालचा लोखंडी नांगर निघाला, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. अमेरिकेंत डेटन गांवीं राइट बंधूंनीं १८९२ सालीं असेंच सायकलींचें दुकान घातलें, आणि त्याच १९०३ सालीं ते विमानांतून उडाले. सायकल विकून हीं माणसें मोठीं झालीं नाहींत. सायकल आंतून कशी असते हें पाहून झालीं. विलायतेची वस्तु बेळगांवांत उघडतां येत होती, हा त्यांतला मुद्दा आहे. आज जी पेटी दुकानदारही उघडीत नाहीं, तिच्याकडे पाहून कोणता मुलगा काय शिकणार ? तो आंकडे वाचावयास शिकेल. आमच्या मित्राप्रमाणें पत्रिका मांडील.

यूरोपांतील कायदेमंडळास ह्याची जाणीव झाली आहे, हें नमूद केलें पाहिजे. तेथील २०२३ सालच्या बॅटरीविषयक नियमांत असें आहे कीं, अशा हलक्या वाहनांची बॅटरी स्वतंत्र कारागिरास काढतां-घालतां आली पाहिजे. त्या नमुन्याचा शेवटचा नग बाजारांत आल्यावर निदान पांच वर्षें ती सुटी मिळाली पाहिजे, तीही वाजवी किंमतींत. आणि जुळणारी दुसरी बॅटरी बसविण्यास आज्ञावलीच्या आडून अडथळा आणतां कामा नये. ह्यासाठीं १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरविलेली आहे. चांगलें आहे; पण पांच वर्षें म्हणजे किती ? आमच्या घरीं वडिलांची सायकल अठ्ठावीस वर्षें होती आणि ती विकली तेव्हां चालत होती. शिवाय हा नियम बॅटरीपुरता. यंत्राच्या पोटांतील त्या गंजलेल्या बेअरिंगाविषयीं त्यांत अवाक्षर नाहीं.

मीं निघण्याच्या आठवड्यांत चिरंजीवांनीं जुन्या सायकलीसाठीं त्याच मापाची नवी बॅटरी घेतली. स्वस्त नव्हती, पण नव्या सायकलीच्या किंमतीचा तो लहानसा अंश होता. तरी मित्राच्या आग्रहास्तव आम्ही सारे एका मोठ्या दुकानांत ती १२० न्यूटन-मीटरची सुंदरी पाहण्यास गेलों. सुंदर होती, खोटें कशाला बोलूं ! सूनबाईंनीं विक्रेत्याला तीन प्रश्न विचारले : हिची बॅटरी किती वर्षें मिळेल, यंत्र बिघडलें तर कोण उघडील, आणि पुढच्या नमुन्याची बॅटरी हिला बसेल काय. विक्रेता तरुण आणि नम्र होता. त्यानें आंत जाऊन कोणाला तरी विचारलें, आणि परत येऊन आमच्या हातीं एक जाड, गुळगुळीत पुस्तिका दिली. घरीं येऊन आम्हीं ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. तींत पांच रंगांचीं नांवें होतीं.