मार्गदर्शन पुरे, जागा दाखवा

मी जानेफळचा. तालुका मेहकर, जिल्हा बुलडाणा. शिक्षण एम.ए., बी.एड. टंकलेखन मराठी तीस, इंग्रजी चाळीस. एमएस-सीआयटी पास. धंदा – सल्ले ऐकणे.

मस्करी करत नाही. सहा वर्षं हाच माझा पूर्ण वेळचा धंदा आहे. एसटीत शेजारचा सल्ला देतो. पानटपरीवर सोसायटीचा संचालक देतो. लग्नात मांडवाच्या खांबाला टेकून दूरचा मामा देतो. इंग्रजी सुधार. मुलाखतीत खाली पाहू नको. अर्ज चांगल्या कागदावर काढ. पुण्याला जा. पुण्याला जाऊन परत आलास? मग म्हशी घे. शेळ्या घे. लाज सोड, भज्याची गाडी लाव.

कष्टाची मला लाज नाही. माझी माय दुसऱ्याच्या वावरात सोयाबीन सोंगते, बाप हमाली करून वाकला. घाम काय असतो ते मला कोणी शिकवू नये. 2018 च्या जानेवारीत देशाच्या पंतप्रधानांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत भजी विकून दिवसाला दोनशे कमावणाऱ्याचा दाखला रोजगार म्हणून दिला, आणि तेव्हापासून गावोगावच्या पुढाऱ्यांना सल्ल्याची कढई सापडली. माझा एकच सवाल आहे. आमच्या वस्तीतल्या पोरानं बाजाराच्या दिवशी भज्याची गाडी लावली, तर सल्ला देणारा त्याच्या हातची भजी खाईल का? आधी तू खा. मग मी तळतो.

म्हशीचंही तसंच. म्हैस बांधायला गोठा लागतो, वैरणीला वावर लागतं. आमचं अंगण संपलं की दुसऱ्याची भिंत सुरू होते. मग सांगतात, महामंडळाकडे जा. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ 1978 साली निघालं. त्याच्या बीज भांडवल योजनेत पाच टक्के आपले, वीस टक्के महामंडळाचे आणि पंचाहत्तर टक्के बँकेचे. म्हणजे कुलपाची चावी बँकेकडे! मी एका बँकेत गेलो. साहेबानं फाइल चाळली, आडनाव वाचलं, वस्ती विचारली. म्हणाला, "तारण काय?" तारण असतं तर मी तुझ्या दारात कशाला आलो असतो?

दोस्तांनो, या सगळ्या सल्ल्यांच्या पोटात एकच गोष्ट लपलेली आहे. ती ओळखा. सल्ला देणारा न बोलता असं सांगत असतो की नोकऱ्या आहेत, कमी आहे ती तुझ्यात. तुझ्या जिभेत, तुझ्या शर्टात, तुझ्या डोळ्यांत. एकदा हे आपल्या मनात उतरलं की काम फत्ते. मग पोरगा मंत्रालयाला शिव्या देत नाही, आरशाला देतो.

म्हणून आरसा बाजूला ठेवू आणि हिशेब मांडू. 2023 च्या तलाठी भरतीत जागा होत्या साडेचार हजारांवर थोड्या. अर्ज आले दहा लाखांहून जास्त. म्हणजे एका जागेमागे दोनशेवर पोरं. या दोनशेंतल्या एकशे नव्याण्णवांना इंग्रजी येत नव्हती म्हणून ते राहिले? उद्या दोनशेही जण फाडफाड इंग्रजी बोलायला लागले, तरी जागा एकच राहणार. शहाणपण वाढवून खुर्च्या वाढत नाहीत. आणि फी? खुल्या प्रवर्गाला हजार रुपये, राखीवला नऊशे. दहा लाख अर्जांना नऊशेनंच गुणा. नव्वद कोटी होतात. हे पैसे कोणाचे? कोणाच्या मायची चार दिवसांची मजुरी, कोणाच्या बहिणीच्या कानातलं. बेकारांनी सरकारला पोसलं आणि वर ऐकून घेतलं की बेकार आयतखाऊ असतो!

आता तो सुंदर अर्ज, ज्याला बायोडाटा म्हणतात. आपल्या अमरावती जिल्ह्यातून पुढं आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी एक साधा प्रयोग केला. 2007 साली तो प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रात आलेल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले. पात्रता सारखी, पदवी सारखी. फरक एकच, काही अर्जांवर उच्चवर्णीय वाटणारं नाव, काहींवर दलित, काहींवर मुसलमान. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश भरली. मुसलमान नावाला एक तृतीयांश. मुलाखत नंतरची गोष्ट. पोरानं खाली पाहिलं की वर, हे पाहायला ते दारापर्यंत पोचलेच नाहीत. कागदावरचं नावच नापास झालं. आता सांगा मार्गदर्शक साहेब, आडनावाची इस्त्री कुठं करून मिळते?

कोणी म्हणेल, सरकारी कचेरी आहे ना. आहे. तिचाही इतिहास पाहू. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. युद्ध संपलं तेव्हा घरी परतणाऱ्या सैनिकांना काम लावून देण्यासाठी 1945 साली याच खात्याखाली पुनर्वसन आणि रोजगाराचं संचालनालय निघालं, सेवायोजन कार्यालयं उभी राहिली. 1948 पासून ती सगळ्यांना खुली झाली. कल्पना सरळ होती, एका बाजूला रिकामी जागा, दुसऱ्या बाजूला रिकामा हात, मध्ये सरकार. पुढं 1959 चा कायदा आला. मालकानं रिकाम्या जागा कळवायच्या, हे त्यात बंधनकारक. पण कळवलेल्या जागेवर कार्यालयाकडचाच माणूस घेतला पाहिजे, असं बंधन नाही! भूक लागली हे कळवा, जेवू घालायची जबाबदारी कोणाची नाही.

माझ्या मोठ्या भावाकडं सेवायोजनाचं जुनं कार्ड अजून आहे. त्याला कधी कॉल आला नाही, पण कार्यालयाच्या नावात निदान 'सेवायोजन' होतं. आता पाटीवर 'कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र' आहे. रोजगार दोन्हीकडून दाबला गेला आणि शेवटी उरलं मार्गदर्शन. नोव्हेंबर 2025 पासून जुना कायदाही गेला. सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात या कार्यालयांचं नाव 'करिअर सेंटर'. आणि इथून माणूस घेण्याचं बंधन मालकावर नाही, हे जुनं वाक्य नव्या कायद्यातही शाबूत. पाट्या बदलल्या, रांग तीच.

आता माझ्यावर झालेलं प्रशिक्षण सांगतो.

जुलै 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. लोकांनी तिचं नाव ठेवलं लाडका भाऊ. बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा हजार महिना. मुदत सहा महिने. नंतर पाच महिने वाढवून अकरा केली. मी एका सरकारी कार्यालयात रुजू झालो. पहिल्या दिवशी विचारलं, मला शिकवणार कोण? लोक हसले. शिकवणाऱ्या कारकुनाचीच जागा रिकामी होती. मला त्याच खुर्चीवर बसवलं.

अकरा महिने मी आवक-जावक सांभाळली. दाखले टाइप केले, लाभार्थ्यांच्या याद्या ऑनलाइन चढवल्या. रात्री नेट चालायचं म्हणून रात्री बसलो. कायम लिपिकाचा मूळ पगार 19,900 पासून सुरू होतो, महागाई भत्ता वेगळा. मला दहा हजार, तेही दोन-दोन महिने थकून. काम तेच, खुर्ची तीच, टेबलावरची धूळ तीच. शेवटच्या आठवड्यात साहेब म्हणाले, "जाण्याआधी या नव्या पोराला काम समजावून दे. तुझ्यासारखं कोणालाच जमत नाही."

पोरांनो, नीट ऐका. ज्याला दुसऱ्याला काम शिकवता येतं, त्याला काम येतं. मग अकरा महिने मी कोण होतो? प्रशिक्षणार्थी होतो की निम्म्या पैशात राबवून घेतलेला लिपिक? 2025 मध्ये राज्यभरचे प्रशिक्षणार्थी 'कायम करा' म्हणत रस्त्यावर उतरले. पण योजनेत कायम नोकरीची हमी मुळातच ठेवलेली नव्हती. मला एक प्रमाणपत्र मिळालं. घरी नेऊन मायच्या हातात दिलं. ती म्हणाली, "कागदं लय झाले बापा. पेटी भरली. आता पोट कधी भरीन?"

यात एक डाव आहे आणि तो जातीचा आहे. घटनेच्या कलम 16(4) नं आपल्याला नोकरीत जागा दिली. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना तेरा टक्के. कोणती जागा कोणाची, हे बिंदुनामावलीवर ठरतं. पण बिंदू असतो पदाला. प्रशिक्षणार्थी हे पद नव्हे. पद नाही म्हणून बिंदू नाही, बिंदू नाही म्हणून आरक्षण नाही. कलम पुसायची गरजच उरली नाही! खुर्ची रिकामी ठेवा आणि तिच्यावर दर अकरा महिन्यांनी नवा लाडका भाऊ बसवा. सप्टेंबर 2023 मध्ये शासनानं खासगी एजन्स्यांमार्फत कंत्राटी माणसं घेण्याचा निर्णय काढला होता. पोरं पेटली, ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. हे विसरू नका. सल्ला ऐकून तो रद्द झालेला नाही, रस्त्यावर उतरल्यावर झाला.

केंद्राचं कौशल्यही पाहून घ्या. 2015 पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना चालू आहे. डिसेंबर 2025 मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेसमोर आला. तपासलेल्या नोंदींत नव्वद टक्क्यांहून जास्त उमेदवारांच्या बँक खात्याचा रकाना कोरा, किंवा त्यात नुसती शून्यं. आम्हाला बायोडाटा नीट लिहायला शिकवणाऱ्यांना आमचा खाते क्रमांकही नीट लिहिता आला नाही.

आता घरातलं बोलू. ते जास्त लागतं.

14 एप्रिलला आपल्याच समाजातले एक मोठे अधिकारी व्याख्यानाला आले. निळा फेटा, कोट. तासभर सांगत होते, आत्मविश्वास हवा, व्यक्तिमत्त्व हवं, आरक्षणावर किती दिवस विसंबून राहणार! मी उठून विचारलं, "साहेब, तुम्ही कोणत्या बिंदूवर लागलात?" सभेत शांतता. नंतर कार्यकर्तेच माझ्यावर रागावले, पाहुण्यांचा अपमान केला म्हणून. बाबासाहेब 18 मार्च 1956 ला आग्र्याच्या सभेत शिकलेल्यांविषयी दुःखानं बोलले, ते आपण दर जयंतीला एकमेकांना ऐकवतो. ज्यांच्याविषयी ते बोलले, तेच आता ते ऐकवतात! साहेब, तुम्ही शिडीनं चढलात, चांगलं झालं. पण वर जाऊन शिडीच्या पायऱ्या कोणी कापतोय का ते पाहायचं सोडून खालच्यांना उड्या मारायचा सल्ला का देता?

गैरसमज नको. शिकू नका, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणारा बाबासाहेबांचा असू शकत नाही. इंग्रजी शिका, संगणक शिका, मिळेल ते शिका. पण नोकरीच्या बदली शिक्षण आणि हक्काच्या बदली प्रमाणपत्र, हा सौदा नको. आणि 'सरकार तरी किती जणांना पोसणार' हे तर ऐकूनच घेऊ नका. आपण नव्या जागा मागत नाही. मंजूर असलेल्या जागा भरा म्हणतो. राज्यात दोन लाखांवर मंजूर पदं रिकामी असल्याचं सरकारच्याच आकड्यांवरून दिसत आलं आहे. एकेका तलाठ्याकडं दोन-दोन सजे आहेत, त्यामुळं म्हातारी माणसं सातबाऱ्यासाठी चार-चार हेलपाटे मारतात. खुर्ची रिकामी असते तेव्हा आम्ही तर मरतोच, गावाचंही काम मरतं.

म्हणून सल्ला देणाऱ्यांना उलटा सल्ला देऊ. आपल्याकडे 2005 चा माहिती अधिकार आहे. खर्च दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्याला तोही नाही. उत्तराला तीस दिवस. तालुक्यातल्या प्रत्येक कार्यालयाला पाच प्रश्न टाका. मंजूर पदं किती? भरलेली किती? रिकामी कोणती, कोणत्या तारखेपासून? बिंदुनामावलीची प्रत द्या. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षानं ती शेवटी कधी तपासली? आणि त्या खुर्चीवर सध्या प्रशिक्षणार्थी किंवा कंत्राटी कोण बसवला आहे, तेही विचारा. 2001 च्या राज्याच्या आरक्षण कायद्यात आरक्षण डावलणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. ती कागदावर झोपलेली आहे. तिला उठवा.

जानेफळच्या विहारात आम्ही सात जण बसलो. सगळे पदवीधर, सगळे बिनकामाचे. आमच्यातला एक जण तीन महिने घराबाहेर पडत नव्हता. चार लोकांत गेलं की 'काय करतोस' विचारतात म्हणून. त्याला ओढून आणला, पहिला अर्ज त्याच्याच अक्षरात लिहिला. लिहिता लिहिता तो म्हणाला, "सहा वर्षं मी माझ्यातली कमी लिहीत आलो. आज पहिल्यांदा त्यांच्यातली लिहितो."

पहिल्या आठवड्यात अकरा अर्ज गेले. उत्तरं येतील तशी याच पानांवर छापू. कार्यालयाचं नाव, रिकामी खुर्ची, आणि ती किती वर्षं रिकामी आहे ते.

तुम्ही तुमच्या तालुक्यातल्या मोजा. आता आपण त्यांची मुलाखत घेऊ.

जय भीम.