युगपुरुष आणि होयबा

आमच्या सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांत जगाच्या राजकारणावर जो काथ्याकूट चालतो, तो लक्षपूर्वक ऐकणाऱ्यास एक गोष्ट चटकन ध्यानात येते. जग म्हणजे जणू चार-पाच माणसांची खाजगी जहागीर आहे, असे गृहीत धरूनच सारे बोलणे होत असते. पुतिन यांनी ठरविले म्हणून युद्ध पेटले, शी जिनपिंग यांच्या मनात आले म्हणून चीन बदलला, ट्रंप यांची लहर फिरली म्हणून व्यापाराची घडी विस्कटली! ह्या संभाषणाचा शेवट बहुधा 'माणूस असावा तर असा खमक्या' ह्या उद्गारात होतो, किंवा 'अशा माणसापुढे कोणाचे काय चालणार?' ह्या सुस्काऱ्यात होतो. उद्गार काढणारा आणि सुस्कारा सोडणारा हे एकमेकांचे कट्टर विरोधक समजले जातात. आमच्या मते ते एकाच गुरूचे शिष्य होत.

तो गुरू म्हणजे कार्लाइल. 1841 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या विभूतिपूजेवरील आपल्या व्याख्यानांत त्याने इतिहासाची सारी सूत्रे थोर पुरुषांच्या हाती देऊन टाकली. कॉलेजांतून इंग्रजी शिकलेल्या आमच्या पिढ्यांनी ती शिकवण इतकी मुरवून घेतली आहे, की कार्लाइलचे नाव विसरले तरी ती सुटत नाही. ह्याच्या उलट दुसरा एक पंथ आहे. तो म्हणतो, व्यक्ती हा केवळ लाटेवरील फेस. जे काही घडते ते अर्थकारण, यंत्रे, लोकसंख्या ह्या शक्तींमुळे घडते. हा पंथ अधिक विद्वान दिसतो खरा, परंतु 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये घुसले, ते काही नैसर्गिक वायूच्या भावाने हुकूम सोडला म्हणून नव्हे. हुकूम एका माणसाने सोडला आणि त्याचे उत्तरदायित्व त्याच्याच माथी राहील. आमचा प्रश्न निराळा आहे. असा हुकूम सोडण्याची सत्ता त्या एका माणसाच्या हाती इतकी वर्षे राहू दिली कोणी?

ह्या प्रश्नाचे उत्तर धूसर नाही; ते तारीखवार नोंदलेले आहे. 10 मार्च 2020 रोजी रशियाच्या विधिमंडळात व्हालेंतिना तेरेश्कोवा ह्या सभासद बोलावयास उभ्या राहिल्या. 1963 साली अंतराळात जाणारी जगातील पहिली स्त्री ती हीच. पुतिन यांच्या अध्यक्षपदाच्या मागील मुदती हिशेबात धरू नयेत, अशी सूचना बाईंनी मांडली. विधिमंडळाने ती उचलून धरली, घटना-न्यायालयाने थोड्याच दिवसांत ती ग्राह्य ठरविली, आणि 2036 पर्यंत सत्तेवर राहण्याचा मार्ग पुतिन यांना मोकळा झाला. त्यापूर्वी दोन वर्षे, 11 मार्च 2018 रोजी, चीनच्या राष्ट्रीय लोकसभेने अध्यक्षपदावरील दोन मुदतींचे बंधन काढून टाकले. माओच्या राजवटीचे चटके सोसल्यानंतर 1982 च्या घटनेत मुद्दाम घातलेले ते बंधन होते. ठरावाच्या बाजूने मते पडली 2958, विरुद्ध 2, तटस्थ 3.

येथे कोणी म्हणेल, त्या देशांत विरोध करणाऱ्याचे काय होते हे ठाऊक असून तुम्ही खुर्चीत बसून शौर्याचे धडे काय देता? आक्षेप रास्त आहे. अलेक्सी नवाल्नी यांना फेब्रुवारी 2024 मध्ये रशियाच्या तुरुंगात मृत्यू आला, हे आम्ही विसरलेलो नाही. ज्यास प्राणाचे भय आहे त्यास आम्ही दोष देत नाही. परंतु ज्यास केवळ आपल्या जागेचे भय आहे त्याचे काय? 6 जानेवारी 2021 रोजी अमेरिकेच्या संसदभवनावर जमाव चालून गेला. त्याबद्दल ट्रंप यांच्यावर जो खटला चालला, त्यात 13 फेब्रुवारीस सेनेटमध्ये 57 मते 'दोषी' अशी पडली व 43 'निर्दोष' अशी. दोषी ठरविण्यास 67 हवी होती. त्या 43 मतांतील एक मत मिच मॅकॉनेल ह्या पक्षनेत्याचे होते. मत दिल्यानंतर लगेच त्याच गृहस्थांनी झाल्या प्रकाराचे व्यावहारिक व नैतिक उत्तरदायित्व ट्रंप यांच्यावरच आहे असे भाषण केले. पदावरून गेलेल्या अध्यक्षास असे दोषी ठरविता येत नाही, ही कायद्याची अडचण त्यांनी पुढे केली. कायद्याची शंका खरीही असेल. पण तिने पुढचे दार उघडे ठेवले, हे तितकेच खरे. 2025 च्या जानेवारीत ट्रंप पुन्हा अध्यक्षपदी आरूढ झाले. त्यांना निवडले मतदारांनी, हे कबूल. पण मतदारांपुढे उभे राहण्याची वाट त्या 43 मतांनीच मोकळी ठेवली होती.

आता ह्याच नाण्याची दुसरी बाजू पाहा. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री दक्षिण कोरियाचे अध्यक्ष युन सुक-योल यांनी देशात लष्करी कायदा पुकारला. सैनिक विधिमंडळाच्या इमारतीत शिरले. सभासद मध्यरात्री धावत आले. दारे अडविलेली पाहून कित्येकांनी कुंपणावरून उड्या टाकल्या. साठी उलटलेले सभापतीही त्यांत होते. 300 पैकी 190 सभासद जमले आणि 190 ही मते कायदा उठविण्याच्या बाजूने पडली. त्यांत अध्यक्षांच्याच पक्षाचे 18 जण होते. पहाट होण्यापूर्वी तो खमक्या पुरुष माघारी फिरला, आणि 4 एप्रिल 2025 रोजी घटना-न्यायालयाने एकमताने त्यास पदच्युत केले. युगपुरुष होण्याची हौस त्यासही होती. त्यास होयबा मिळाले नाहीत, इतकेच.

आम्ही हे काही नवे सांगत नाही. 18 जानेवारी 1943 रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीच्या दिवशी डॉ. आंबेडकरांनी विभूतिपूजेची जी चिरफाड केली, ती तेथे जमलेल्या सुशिक्षितांपुढेच केली होती. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी पुन्हा बजाविले, की धर्मात भक्ती तारक असेल, राजकारणात ती हुकूमशाहीकडेच नेते. त्या भाषणाचा गौरव आम्ही दरवर्षी करतो, आणि सभा संपल्यावर घरी येऊन कोणता पुढारी अधिक खमक्या ह्यावर वाद घालतो.

दूरच्या देशांतील होयबांना नावे ठेवणे सोपे आहे. आमच्या सोसायटीचे, आमच्या शिक्षणसंस्थेचे, आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष पंधरा-पंधरा वर्षे एकच का असतात? हिशेब न वाचता 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द इतिवृत्तात कोणाच्या मौनाने उमटतात? आम्ही स्वतः कॉलेजातील कित्येक समित्यांवर, चहा निवू नये म्हणून, असे मौन पाळले आहे, हे सांगण्यास आम्हांस लाज वाटते. वाचकांना एवढीच विनंती आहे, की येत्या वार्षिक सभेत हिशेबाचा कागद मागून घ्यावा, तो वाचावा, आणि पटला नाही तर उभे राहून तसे म्हणावे.