साथीची पायरी

परवा धारवाडला माझ्या शिकवणीत एका तरुण तबलजीने डग्गा बाजूला सारून विचारले, "गुरुजी, मी नुसता ठेकाच किती वर्षे धरायचा?" त्याची तक्रार खोटी नव्हती. गवयाला हारतुरे मिळतात. साथीदाराचे नाव कार्यक्रमपत्रिकेत बारीक अक्षरांत, तेही छापले तर. मी त्याला उत्तर दिले ते एका परदेशी नाचाचे.

टँगो हा नाच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्वेनोस आयरेस आणि माँटेव्हिडिओ ह्या बंदरांत वाढला. त्यात एकाने न्यावे आणि दुसऱ्याने मागे यावे असा रिवाज. पण त्यातली गिरकी पाहण्यासारखी आहे. तिला तिकडे 'मोलिनेते', म्हणजे भिरभिरे, म्हणतात. नेणारा मधोमध राहतो आणि जोडीदारीण त्याच्याभोवती वर्तुळ चालते: पुढे, बाजूला, मागे, बाजूला. चाल सारी तिची. त्याने फक्त छातीचा रोख फिरवून दिशा सुचवायची. हाताने ओढले की तिचा तोल जातो, आणि पाठोपाठ त्याचाही. तिचा भार कोणत्या पायावर आहे हे ज्याला उमगत नाही, त्याला नेता येत नाही.

आपल्या विलंबित ख्यालात तरी वेगळे काय असते? एकतालाच्या बारा मात्रांचे वर्तुळ तबलजी चालत असतो, म्हणून तर गवयाला मनासारखे रेंगाळून समेवर येता येते. तरुणपणी मला हे ठाऊक नव्हते. एका मैफलीत मी जोशात लय ओढली. तबलजीने मला सांभाळून घेतले आणि टाळ्या मला पडल्या. माझ्या वडिलांनी उमेदीत एका संस्थानी दरबारात गायन केले होते. घरी आल्यावर ते एवढेच म्हणाले, "आजची सम तुझी नव्हती रे, त्याची होती."

हुबळीच्या गंगूबाई हनगल ह्यांच्यामागे त्यांच्या कन्या कृष्णाबाई वर्षानुवर्षे गायल्या. २००४ साली कृष्णाबाई गेल्या, २००९ साली गंगूबाई. मागे गाणाऱ्याला पुढच्याचा श्वास कुठे संपणार हे आधी कळावे लागते. ही विद्या दुय्यम कशी म्हणावी?

साथीदाराने मान खाली घालून बसावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझे सांगणे गवयांना आणि परीक्षकांना आहे. आपल्याकडच्या गायनस्पर्धांत स्वराला गुण असतात, तानेला असतात. गाणारा साथीदाराचे ऐकतो की नाही, ह्यालाही चार गुण ठेवावेत. आणि बक्षीस देताना साथीदारालाही व्यासपीठावर बोलवावे.

त्या मुलाला मी म्हटले, "ठेका जन्मभर धरायचा आहे. पण उद्यापासून गाणाऱ्या मुलांनीही आठवड्यातून एक दिवस तुझ्यासमोर बसून नुसता ठेका ऐकायचा." त्याने डग्गा पुढे ओढला.