दिवेलागणीला घरी येणारी पाखरं

मैत्रिणींनो, दिवाळीच्या सुट्टीत मी तुमच्याशी गप्पा मारायला नव्हते, त्याचं कारण आज सांगते. माझी धाकटी बहीण मेलबर्नला असते. तिला बाळ झालं. आईच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपेना, म्हणून शाळेला सुट्टी लागताच आईच्या जागी मी गेले. बाळ तोवर अडीच महिन्यांचं झालं होतं. पण हाताखाली माणूस असलं की बाळाच्या आईला जरा पाठ टेकता येते, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

एका शनिवारी तिचे यजमान म्हणाले, "ताई, चला, तुम्हाला पेंग्विन दाखवतो."

मी म्हटलं, "त्यासाठी इतक्या लांब कशाला? आमच्या राणीच्या बागेत आहेत की!"

खरंच आहेत. २०१६ साली आणलेले हम्बोल्ट जातीचे, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. माझ्या वर्गाला मीच ते दाखवून आणलेत. काचेपलीकडे, गार केलेल्या जागेत. मुलं काचेला नाक लावून उभी होती.

"तिथे काच नाही," ते एवढंच म्हणाले.

मेलबर्नपासून मोटारीने दोनेक तासांवर फिलिप आयलंड नावाचं बेट आहे. पुलावरून थेट मोटार जाते. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या, थर्मासमध्ये चहा आणि बाळाचं अर्ध्या मोटारीएवढं सामान घेऊन निघालो. पेंग्विन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो, नाही का? इथे बर्फाचा कणही नाही. वाळू, गवत आणि झोंबरा वारा. समुद्राकडे तोंड करून पायऱ्या केल्या आहेत, त्यांवर बसायचं आणि अंधार पडायची वाट बघायची. नोव्हेंबरात तिथे सूर्य मावळायलाच आठ वाजून जातात. फोटो काढायला सक्त मनाई. अंधाराला सरावलेल्या त्या पाखरांना उजेडाचा त्रास होतो, ती बिचकतात. मी मनात म्हटलं, एवढ्या लांब येऊन एक फोटो नाही?

उजेड गेला आणि फेसाच्या रेषेत काहीतरी हललं. चार-पाच ठिपके उभे राहिले. थोडे पुढे आले, कुरव पक्षी दिसताच घाबरून पुन्हा पाण्यात पळाले. परत आले, परत पळाले. एकट्याने वाळू ओलांडायची त्यांची छाती होत नाही. दहा-पंधरा जमले, तेव्हा कुठे सगळे एकदम डुलत डुलत निघाले. बाजारातून पिशव्या सावरत घाईघाईने घराकडे निघालेल्या बायकांचा घोळकाच जणू!

पेंग्विनांच्या साऱ्या जातींत ही सर्वांत लहान. उंची साधारण ३३ सेंटीमीटर, म्हणजे मुलांच्या फूटपट्टीहून जराशी जास्त. वजन एका किलोच्या आसपास. पाठ निळसर, पोट पांढरं. वरून बघणाऱ्याला ती पाठ समुद्राच्या रंगात मिसळून जाते आणि खालून बघणाऱ्या माशाला ते पोट आकाशाच्या उजेडात. पहाटे अंधारात समुद्रात शिरायचं, दिवसभर लहान मासे धरायचे आणि दिवेलागण झाली की घरी.

परतीची वाट फळ्यांच्या पुलावरून आहे आणि दोन्ही बाजूंना गवतात त्यांची बिळं. काही ठिकाणी माणसांनी लाकडी खोकीही ठेवली आहेत. मला विचाराल तर खरी गंमत इथेच. एक पेंग्विन माझ्या पायांपासून दोन हातांवरून गेला. दम खात थांबला, पुन्हा निघाला. बिळाच्या तोंडाशी करड्या लवेची दोन पिल्लं चोचा वर करून ओरडत होती. त्याने पोटातला घास वर काढून त्यांना भरवला.

त्यांच्यात अंडी बहुधा दोन असतात. पाचेक आठवडे आईबाप पाळीपाळीने ती उबवतात. एक घरी, एक समुद्रावर. पिल्लं निघाली की सुरुवातीचे दोन-तीन आठवडेही कुणीतरी एक जवळ थांबतं. पुढे पिल्लांची भूक एकट्याच्या फेरीने भागत नाही, मग दोघंही समुद्रावर जातात.

हे वाचून दाखवताना बहीण बाळाला शालीत घट्ट धरून उभी होती. जानेवारीत तिला कामावर रुजू व्हायचं होतं. यजमानांनी आपली पाळी बदलून घेऊन सकाळी घरी थांबायचं ठरवलं होतं. पण फोनवर आईचा सूर रोज एकच, "एवढ्याशा जिवाला टाकून कशी गं जाशील?" आणि ही रोज रात्री उशीत डोकं खुपसून रडायची.

पाखरांवरून माणसांना धडे द्यायची मला हौस नाही. पण त्या पुलावर मला माझंच आठवलं. लेक वर्षाची असताना मी पूर्णवेळ नोकरी सोडली. "मुलीसाठी सोडली," असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे "तू जा, मी थांबतो," असं घरात कुणी म्हटलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला तेव्हा मी बहिणीच्या हातून घेतला आणि म्हटलं, "आई, तिला जाऊ दे. बाळाचा बाप घरी आहे." आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याला लंगोट बांधता येतो का, विचार."

आता त्या बेटाची आणखी एक गोष्ट. जिथे ही बिळं आहेत, तिथे पूर्वी माणसांची वसाहत होती. घरं, रस्ते, दुकान, सगळं. मोटारींखाली पेंग्विन चिरडत, कुत्री आणि कोल्हे त्यांना मारत. एकेकाळी बेटावर त्यांच्या दहा वसाहती होत्या, त्यांतली ही एकच उरली. तेव्हा १९८५ साली तिथल्या राज्य सरकारने ठरवलं, ही सगळी घरं विकत घ्यायची आणि जागा पेंग्विनांना परत द्यायची. ते काम संपायला २०१० साल उजाडलं. पंचवीस वर्षं! घरं उतरवली, रस्ते उखडले, गवत लावलं. आज बेटावर कोल्हा उरलेला नाही आणि पेंग्विन हजारोंनी आहेत. हौसेने बांधलेलं घर सोडताना कुणाचा जीव तुटला नसेल? पण त्यांनी जागा दिली, म्हणून मला तो घास भरवताना बघायला मिळाला.

विणकाम करणाऱ्या मैत्रिणींनो, हे खास तुमच्यासाठी. समुद्रात तेल सांडलं की ते पिसांना चिकटतं. पिसांत पाणी शिरतं, पाखरू गारठतं आणि चोचीने ते तेल साफ करता करता गिळतं. म्हणून धुऊन काढेपर्यंत त्याला लोकरीचा छोटा स्वेटर घालतात! २००१ साली ४३८ पेंग्विन तेलात सापडले होते, त्यांतले बहुतेक सगळे वाचले. पुढे जगभरातून इतके स्वेटर आले, की जास्तीचे खेळण्यातल्या पेंग्विनांना घालून विकले. तेव्हा लगेच सुया काढू नका, आधी मागणी आहे का ते विचारा!

कधी जायचा योग आला तर एवढं लक्षात ठेवा. जागा आधी राखून ठेवा. उन्हाळा असला तरी स्वेटर आणि कानटोपी हवीच. मोबाइल पर्समध्ये ठेवा, आवाज हळू. आणि निघताना मोटारीखाली वाकून बघा, तिथे एखादा पेंग्विन विसावलेला असू शकतो. आम्हीही चौघं वाकलो. म्हणजे तिघं, बाळ झोपलं होतं.

शाळा सुरू झाल्यावर मुलांनी पहिलाच प्रश्न टाकला, "बाई, फोटो?" मी फूटपट्टी टेबलावर उभी धरली आणि म्हटलं, "एवढा होता." मग दिवे घालवले, खिडक्या लावून घेतल्या आणि सगळं सांगितलं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी जागचं हललं नाही.

बहीण जानेवारीत कामावर रुजू झाली. संध्याकाळी घरी पोचली की मला एका ओळीचा निरोप पाठवते, "ताई, वाळू ओलांडली."